मोती कायोटींच्या मागे फिरतोय. आणावा की राहू द्यावा?

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. सहा वर्षांपासून ॲरिझोनात, फिनिक्सच्या पूर्वेला मेसा शहराच्या अगदी टोकाला राहतो. घरामागची भिंत संपली की वाळवंटच. आमचा मोती तीन वर्षांचा, शेल्टरमधून आणलेला, शेफर्ड आणि हस्कीचा संकर, २५ किलोचा, नसबंदी झालेला. दिवाळीच्या रात्री फटाक्यांना बुजून बाजूच्या गेटमधून पळाला. तीन आठवडे पत्ता नव्हता. मग एका पहाटे शेजाऱ्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यात तीन कायोटी (इथले कोल्ह्यासारखे दिसणारे रानटी प्राणी) जाताना दिसले आणि त्यांच्यामागे आमचा मोती! तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा असाच दिसतो. चित्रफीत सोबत पाठवतेय.

अकरा वर्षांची मुलगी म्हणते, तो आता फ्री आहे, मजेत आहे, राहू दे त्याला. नवरा म्हणतो, कायोटींनी त्याला भुलवून नेलंय, एक दिवस फाडून खातील. मोकाट जनावरं उचलणाऱ्या ॲनिमल कंट्रोलला सांगून सगळेच उचलायला लावू. सासूबाई सध्या इथे आहेत. त्या म्हणतात, कोल्ह्यांत राहिलेलं कुत्रं परत घरात घ्यायचं नाही. मी रोज संध्याकाळी मागच्या वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्यात, दूध-चपाती ठेवून येते. सकाळी ताटली चाटूनपुसून साफ असते. वर्ष संपत आलं, मला काही सुचत नाही. काय करू?

आणि एक. त्या रात्री गेटची कडी लावायची मीच विसरले होते. घरात कुणाला बोललेले नाही.

एक वाचक, मेसा

* * *

नमस्कार ताई,

आधी ती ताटली उचला. बाकीचं मग बोलू.

ताटली मोतीनंच साफ केली कशावरून? तुमच्या वॉशमधून रात्री हावेलिना जातात (आपल्या रानडुकराचा बुटका भाऊ समजा, सासूबाईंना सांगायला सोपं), रानमांजर जातं, उंदीर असतात आणि ते तीन कायोटी तर असतातच. दूध तसंही मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा पचत नाही. त्यात तुमच्या काउंटीत पक्षी आणि खारी सोडून रानातल्या जनावरांना खाऊ घालणं कायद्यानं बंद आहे. कायदा राहू द्या बाजूला. ज्या कायोटीला भिंतीपलीकडे चपाती मिळते तो काही दिवसांनी भिंतीअलीकडे येतो. मग कुणाचं तरी छोटं कुत्रं उचलतो, तक्रार होते, बंदूकवाला येतो. सहा फुटी भिंत ही त्याला अडचण नाही. तेव्हा आज संध्याकाळपासून बंद.

आता यजमानांचं. कायोटी कुत्र्याला गोड बोलून कळपाकडे नेतो आणि तिथे सगळे मिळून त्याचा फडशा पाडतात, ही गोष्ट इथे प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळते. घडतं ते फार साधं असतं. एकटा कायोटी दिसतो, कुत्रा त्याच्यामागे सुटतो, कायोटी जीव घेऊन आपल्या घरच्यांकडे पळतो आणि तिथे पोचल्यावर कुत्र्याच्या लक्षात येतं की आपण एक आणि समोर चार. कट कुणी रचलेला नसतो. त्यांच्या ओरडण्यानंही माणसं फसतात. दोन कायोटी मिळून असा काही कालवा करतात की दहा-बारा असावेत असं वाटतं. अंगानं तुमच्या भागातला कायोटी ९ ते १४ किलोचा, म्हणजे मोती एकेकाच्या जवळपास दुप्पट.

राहिलं 'सगळेच उचला'. इथलं केंद्र सरकारचं खातं दरवर्षी साधारण ६० हजार कायोटी मारतं. शिकारी मारतात ते वेगळेच. एवढं करून काय झालं? एकेकाळी पश्चिमेकडच्या माळांवर असणारा हा प्राणी आज एक हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. तुमच्या मागचे तीन उचलले तर ती जागा दुसरे तीन घेतील. यजमानांना मुद्दा पटला नाही तर एवढंच विचारा, की कायोटींवर नेम धरणाऱ्याला पहाटेच्या अंधारात शेवटचा चौथा कुत्रा आहे हे कसं कळणार? ॲरिझोनात परवाना असलेल्याला कायोटीची शिकार वर्षभर करता येते.

सासूबाईंना मात्र हसू नका. त्या कायोटीला कोल्हा म्हणतात; नात्यानं तो आपल्या कोल्ह्यापेक्षा लांडग्याला जवळचा, पण त्यांच्या भीतीला त्यानं काही फरक पडत नाही. इथे यायच्या आधी फलटणकडे मी बरीच वर्षं धनगरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांना टाके घालायचं काम केलं. पिसाळलेलं जनावर काय असतं हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. इथलाच दाखला देतो. १९८८ मध्ये टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, रेबीजचा एरवी कुत्र्यांमध्ये पसरणारा प्रकार कायोटींमध्ये शिरला. कायोटीकडून कुत्र्याला आणि कुत्र्याकडून पुन्हा कायोटीला, असा तो पसरत राहिला. १९९५ पासून विमानातून लसीची आमिषं टाकायला लागली तेव्हा आटोक्यात आला. रेबीजचा हा कुत्र्यांमधला प्रकार देशातून गेल्याचं जाहीर व्हायला २००७ साल उजाडलं. ॲरिझोनात आज रेबीज मुख्यतः वटवाघळं, स्कंक (घाण वास फवारणारं मांजराएवढं जनावर) आणि खोकडांमध्ये आढळतो, आणि कायोटीची त्यांच्याशी गाठ पडू शकते. तेव्हा मोतीची लस कधी झाली आणि पुढची कधी होती, ते कार्ड आत्ताच काढून ठेवा. म्हातारीचं निदान बरोबर आहे. उपाय मात्र दाराबाहेर ठेवण्याचा नाही, लसीचा आहे.

मुलीचा प्रश्न या सगळ्यांत अवघड. म्हणून तुमची १४ सेकंदांची चित्रफीत मी आठ-दहा वेळा पाहिली. तुम्हीही आवाज बंद करून पुन्हा बघा. तीन कायोटी एका रेषेत जाताहेत, शेपट्या खाली, मागचा पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकावं तसा. मोती पंधरा-वीस फूट मागे आहे. शेपूट वर. तो मधेच पत्रपेटीच्या खांबाशी थांबतो, हुंगतो, तंगडी वर करतो. एवढ्यात ते पुढे गेलेले असतात, म्हणून धावत सुटतो. तो जवळ आला की शेवटचा कायोटी मान वळवतो, कान मागे पाडतो. मोती जागीच थांबतो. कायोटी चालायला लागतो. मग मोती पुन्हा मागे, तेवढंच अंतर ठेवून. आणि धावताना उजवा पुढचा पाय तो पूर्ण टेकवत नाही. हे तुमच्या कुणाच्या लक्षात आलं होतं का?

ते त्याच्यासोबत पळत नाहीयेत. तो त्यांच्यामागे फिरतोय.

असं का चालू दिलं जातंय, तेही सांगतो. कायोटींचा कळप म्हणजे गुंडांची टोळी नसते, ते एक कुटुंब असतं. एक जोडपं, त्यांची या वर्षीची पिल्लं, कधी मागच्या वर्षीचं एखादं अजून घर न सोडलेलं पोर. शिकागोच्या आसपासच्या २३६ कायोटींची जनुकं तपासली तेव्हा एकाही जोडप्यात बाहेरचं लफडं सापडलं नाही, इतकं ते घट्ट नातं. पण दिवाळी ते ख्रिसमस हा त्यांचा सैल काळ. पिल्लं हाताशी आलेली असतात, काही घर सोडून निघालेली असतात, राखायला बीळ नसतं. अशात एखादा दांडगा, नसबंदी झालेला, नर-मादीच्या भानगडीत नसलेला कुत्रा मागेमागे आला तर चालवून घेतात. तरण्या पोरांना त्याच्याशी खेळायलाही आवडतं. पुढचे पाय टेकून ढुंगण वर करण्याचं खेळाचं आमंत्रण दोघांचं एकच आहे.

आपल्याकडे म्हण आहे ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मोतीचा तिसरा दिवस आता उजाडतोय. जानेवारी ते मार्च हा त्यांचा जुगण्याचा हंगाम. जोडपं आपल्या हद्दीत कुणाला खपवून घेत नाही. त्यानंतर ६३ दिवसांच्या आसपास, म्हणजे एप्रिलकडे, पिल्लं होतात. बिळात पिल्लं असली की मोतीपेक्षा मोठ्या कुत्र्यालाही ते अंगावर घेतात. टूसॉनला एका बांधकामावरची हीलर जातीची कुत्री अशीच सप्टेंबरपासून एका जोडीच्या मागे फिरायची. कामगार कौतुकानं फोटो काढायचे. फेब्रुवारीत तिला माझ्याकडे आणलं तेव्हा मागचा सगळा भाग फाटलेला होता. ती वाचली. शेपूट नाही वाचली.

मुलीला नेव्हाडातल्या घोस्टची गोष्ट सांगा, तिच्या मैत्रिणींनीही पाहिली असेल. लास वेगासजवळच्या हेंडरसनमध्ये एक पांढरा कुत्रा कित्येक महिने कायोटींच्या कळपात दिसायचा. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. लोक दोन बाजूंना झाले, तुमच्या घरात झालेत तसेच. शेवटी तो लंगडायला लागला म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात त्याला पकडून उपचार केले. एवढे महिने कळपात काढले म्हणून पायाला औषध लावायला कळपातलं कुणी आलं नाही. हे मी कडवटपणे म्हणत नाही. कायोटी कुटुंबाला धरून असतात, आणि तो त्यांच्या कुटुंबातला नव्हता.

उलट बाजूचीही एक गोष्ट आहे, ती मुलगी थोडी मोठी झाली की सांगा. अलास्कात जूनो शहराजवळच्या हिमनदीकाठी २००३ पासून एक काळा लांडगा गावातल्या कुत्र्यांशी खेळायला यायचा. लोकांनी त्याचं नाव रोमिओ ठेवलं. माणसांची आणि कुत्र्यांची त्याला इतकी सवय झाली की २००९ मध्ये दोघा चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला सहज मारलं. दोन जातींची अशी दोस्ती बघायला फार गोड असते, मी नाही म्हणत नाही. तिची झळ मात्र बहुतेक वेळा आपल्या गोतापासून लांब आलेल्यालाच बसते.

ती आणखी विचारेल, की मोतीला कायोटी-पिल्लं होतील का? नसबंदी झालीय, विषय संपला. एरवी होतात, क्वचित. न्यूफाउंडलंड बेटावरचे काही कायोटी पांढरेशुभ्र आहेत, कारण कुठल्यातरी पिढीत एक गोल्डन रिट्रीव्हर येऊन गेला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले, तेव्हा तपासणी झाली आणि २०२३ साली सिद्ध झालं की लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळलंय. तिथे लांडगेच थोडे उरलेत, त्यामुळे ती गंमत नाही, चिंता आहे. मोकाट कुत्र्यामुळे रानाचंही नुकसान होतं, हे 'फ्री'वाल्यांच्या हिशोबात येत नाही.

आता तुमचं.

पत्रात तुम्ही तिघांची मतं सविस्तर लिहिलीत आणि स्वतःचं मत लिहिलंच नाहीत. शेवटी एका ओळीत कडीचं लिहिलंत. मला वाटतं, मुलीचं म्हणणं खरं असावं असं तुम्हाला फार मनापासून वाटतंय. मोती मजेत असेल तर कडी राहिली त्यात विशेष काही बिघडलं नाही. आणि कडीचा सल आहे म्हणून ताटली आहे. थेट बोललो, राग मानू नका. कडी माझीही राहिलीय. दवाखान्यातल्या पिंजऱ्याची, तीही दुसऱ्याच्या कुत्र्याची. ते घरी सांगून टाका, मुलीला आधी. तिची मदत लागणार आहे, आणि अर्धवट गोष्ट माहीत असलेलं मूल चुकीच्या माणसावर चिडतं. सध्या ती बापावर चिडलेली असणार. मग गेटला आपोआप मिटणारी कडी बसवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तासाभराचं काम आहे.

आणि मोतीला आणा. फेब्रुवारीच्या आत.

त्याच्यामागे धावायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. दोन महिने उघड्यावर काढलेलं कुत्रं हाक ऐकून मालकापासूनही पळतं. प्रेम आटलं म्हणून नव्हे, आवाज आला की आधी पळायचं हे अंगवळणी पडलेलं असतं म्हणून. काउंटीच्या शेल्टरला फोन करा, हरवलेली कुत्री पिंजऱ्यानं पकडून देणारे अनुभवी स्वयंसेवक त्यांच्या माहितीत असतात. राज्याच्या वन्यजीव खात्यालाही कळवून ठेवा, पिंजऱ्यात भलतंच काही सापडलं तर तेच लागतील. मोतीच्या कातडीखालची ओळखीची चिप तुमच्या आत्ताच्या फोन नंबरावर आहे ना, तेही बघा. घर बदललं की नंबर बदलायचा राहून जातो.

मुलीचं काम कॅमेऱ्यांचं. वॉशमध्ये गुडघ्याच्या उंचीवर दोन कॅमेरे लावायचे आणि वहीत लिहायचं: किती वाजता आला, कुठून आला, एकटा होता की त्यांच्यासोबत, पाय कसा टाकत होता. आठवड्याभरात त्याचं वेळापत्रक कळेल. एकटा कधी असतो ते कळलं की अर्धं काम झालं.

मग मोठ्या कुत्र्यांचा पिंजरा, जाळीचा, पाय पडला की दार खाली येणारा. पहिले काही दिवस दार वर बांधून ठेवायचं, पडू द्यायचंच नाही. खाणं फक्त पिंजऱ्यात, ठरलेल्या वेळी, आणि तासाभरात उरलेलं उचलायचं. नाहीतर ताटलीचीच गोष्ट पुन्हा. पहिल्या दिवशी दाराशी, दुसऱ्या दिवशी हातभर आत, मग तळाशी. तळाला यजमानांचा न धुतलेला टीशर्ट टाका. कायोटी खातील अशी भीती वाटेल, पण मोठा कायोटी अशा पिंजऱ्यात सहसा पाय टाकत नाही, फार संशयी जनावर. गाडीत क्रेटमध्ये बसून दवाखान्यात गेलेलं कुत्रं मात्र टाकतं. आमिष म्हणून दुकानातलं काही आणू नका. घरात काय शिजलं की मोती ओट्याशी येऊन बसायचा ते आठवा. माझ्या ओळखीतल्या एका मालवणी घरानं भाजलेल्या सुकटावर कुत्रं परत मिळवलं. शेजाऱ्यांनी वासाबद्दल विचारलं, तो भाग वेगळा.

मधल्या दिवसांत तो दिसलाच, तर उभ्या उभ्या त्याच्याकडे बघू नका. खाली बसा, त्याच्याकडे कूस करून. वेफर्सचं पाकीट चुरचुरवत एकेक खा आणि एखादा बाजूला टाका. तो दहा मिनिटं लांब बसून निघून गेला तरी दिवस वाया गेला नाही. कायोटी जवळ आले तर मात्र उभं राहायचं, हात वर करायचे, डब्यातले खडे वाजवायचे. त्यांनी माणसाला भ्यायलाच हवं, त्यातच त्यांचं भलं आहे.

पिंजऱ्याचं दार बांधलेलं सोडायचं त्या रात्री कुणीतरी गाडीत जागं बसायचं. पिंजरा लावून झोपायला जायचं नाही. दार पडलं की मोती वेड्यासारखा धडका मारेल, तुमच्याकडे ओळख नसल्यासारखा बघेल. रडू आलं तर गाडीत रडा. पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधार झाला की तो निवळेल. तसाच पिंजरा गाडीत, गाडी गराजमध्ये, गराजचं दार खाली, आणि मगच पिंजऱ्याचं दार. रस्त्यावर चुकूनही उघडायचं नाही.

अंगात चोया नावाच्या निवडुंगाचे काटे असतील. बोटांनी उपटाल तर बोटांत शिरतील. साधा कंगवा घ्या, काट्याच्या गोळ्याखाली सरकवा आणि झटक्यात उडवा. जखमांना हातमोजे घालूनच हात लावा. दुसऱ्या दिवशी दवाखाना: रेबीजचा बूस्टर लगेच, डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, खरजेसाठी कातडीची तपासणी, हार्टवर्मची, म्हणजे हृदयातल्या जंतांची तपासणी. लंगडणं आणि खोकला दोन्ही असेल तर व्हॅली फीव्हरचं रक्त तपासा असं तुम्ही स्वतः सांगा. तुमच्याकडच्या धुळीतली बुरशी आहे ती, कायोटींचा दोष नाही, पण जमीन उकरत फिरलेल्या कुत्र्यांना धरते आणि हाडात उतरली की कुत्रं लंगडतं.

जुना मोती पहिल्या आठवड्यात दिसणार नाही. कोपऱ्यात पाठ लावून बसेल, दार वाजलं की दचकेल, पहाटे साडेपाचला उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहील. लांबून ते ओरडले तर हाही ओरडेल. ओरडू द्या.

लस वेळेवर झालेली असेल तर बूस्टरनंतर ४५ दिवस नजर ठेवायला सांगतील. लस चुकलेली असेल तर नियम कडक आहेत, कित्येक महिने वेगळं ठेवायला लावू शकतात, म्हणून ते कार्ड आधी शोधा म्हटलं. कार्ड ठीक निघालं तर गराजमध्ये त्याची वेगळी सोय करा. सासूबाईंना म्हणावं, घरात घ्यायचा की नाही ते ठरवायला दीड महिना आहे.